डोक्यावरची टाकी

लोहाऱ्यात तीन मजली घर बांधताना माणूस आजही दहादा विचार करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपानं हादरला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं नुकती झोपली होती. सुमारे आठ हजार माणसं गेली. सास्तूर आज लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा ते उमरगा तालुक्यात होतं; तिथं धड उभं राहिलेलं घर शोधावं लागत होतं. पुढं कितीतरी वर्षं या भागातले लोक स्लॅबखाली झोपायला धजत नव्हते. पत्र्याचं शेड परवडलं, पण डोक्यावर ओझं नको, अशी सगळ्यांची भावना. आता कुटुंबं वाढली, गावातल्या जागा तेवढ्याच राहिल्या, आणि घरं पुन्हा वर चढू लागली आहेत.

माझे थोरले बंधू, दादा, असंच घर बांधतायत. तळमजला आणि वर दोन मजले, राहणारी माणसं दहा. बांधकाम हा माझा व्यवसाय, त्यामुळं नकाशाचं काम माझ्याकडं आलं. खोल्या, जिना, देवघर, धान्याची कोठी, सगळं बिनबोभाट ठरलं. गाडी अडली ती गरम पाण्यावर. दादांना हवा कॉम्बी बॉयलर, धाकट्या मुलाच्या इंग्लंडमधल्या घरात पाहिलेला. थोरल्या सूनबाईला हवा छतावरचा सोलर. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि घराचा जमाखर्चही तिच्याच वहीत असतो. म्हातारा माणूस परदेशी यंत्र मागतोय आणि तरुण बाई त्याला अडवतेय, याचं मला आधी नवल वाटलं. कारण कळल्यावर ते उरलं नाही.

हे बोलणं मी लिहून काढतोय, कारण मराठवाड्यात वर चढणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रश्न येणार आहे. बहुतेक घरांत तो विचारला जातो तो गिलावा होऊन, फरशी बसून, नळाचा मिस्त्री दारात उभा राहिल्यावर. तोवर न्हाणीघरं कुठं, पाइप कुठून, वजन कशावर, हे सगळं सिमेंटात पक्कं झालेलं असतं.

दादा: मी काय म्हणायलो, नीट ऐक. स्वयंपाकघरातल्या कपाटाएवढी पेटी, भिंतीला टांगलेली. गिझर नाही, टाकी नाही. माडीवर कुणी तोटी उघडली की खाली पेटी आपोआप पेटते. तोटी बंद केली की विझते. त्याच पेटीवर सगळं घरसुद्धा गरम राहतं. एका यंत्रात दोन कामं. मग मजल्यागणिक चार गिझर कशाला टांगायचे?

सूनबाई: मामा, त्यातलं दुसरं काम आपल्याला लागतच नाही. आपल्याकडं थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री. पारा दहा-बारावर आला तरी दुपारी अंगणात बसवत नाही. घर तापवायचं यंत्र काश्मीरात नाहीतर हिमाचलात लागेल. आपण घेतलं तर अर्ध्या यंत्राचे पैसे उगीच जाणार.

दादा: अर्धं तर अर्धं. पाण्यापुरतं वापरू.

सूनबाई: मग तो गॅस गिझरच झाला की! आणि तो तर बाजारात कितीतरी स्वस्त मिळतो.

दादा: त्याची बरोबरी करू नको. न्हाणीघरात गॅस गिझर, दार-खिडकी बंद, आणि आत माणूस गुदमरला, ही बातमी दर हिवाळ्यात येते की नाही? तिकडची पेटी घरातली हवा घेतच नाही. बाहेरची हवा नळीतून आत, जळालेला वायू नळीतून बाहेर. घरातल्या माणसाचा आणि त्या धुराचा संबंधच नाही.

हा मुद्दा दादांचा, आणि तो शंभर टक्के खरा आहे. आपल्याकडं मिळणारे बरेचसे गॅस गिझर खोलीतलीच हवा ओढतात आणि तिथंच सोडतात. बंद न्हाणीघरात प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, पाय गळतात आणि कडी काढायचंही भान राहत नाही. गॅस गिझर लावायचाच तर तो न्हाणीघराबाहेर, उघड्या डक्टमध्ये लावायचा, फक्त गरम पाण्याचा नळ आत न्यायचा. हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत असतं, तरी पाइपचे दोन फूट वाचवायला गिझर आतच ठोकला जातो. इंग्लंडातल्या आताच्या बॉयलरला स्वतंत्र श्वासनळी असते, गॅसचं काम नोंदणी झालेल्या कारागिरालाच करता येतं, दर वर्षी त्याची तपासणी करून घ्यायची असते. दादांना त्या पेटीत दिसली ती ही शिस्त. सूनबाईनंही इथं हो म्हटलं, पण लगेच वही उघडली.

सूनबाई: आता हिशेब बघा. आंघोळीची एक बादली, वीस लिटर. थंडीत टाकीतलं पाणी अठरा अंशाला असतं, ते चाळीसला न्यायचं. त्याला साधारण अर्धं युनिट ऊर्जा लागते. दहा माणसं, दहा बादल्या, पाच युनिटं. एक किलो गॅसमधून यंत्रातलं नुकसान वजा जाता दहा युनिटं हाती लागतात. म्हणजे रोजचा अर्धा किलो गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर चार आठवड्यांत संपला. स्वयंपाकाचा वेगळा, हा फक्त आंघोळीचा.

दादा: महिन्याला एक सिलिंडर. दहा माणसांत काय जड आहे?

सूनबाई: जड नाही, पण कायमचा आहे. आणि इंग्लंडात गॅस नळानं येतो, सिलिंडर बदलावा लागत नाही. तुमची ती पेटी २४ किलोवॅटची. पूर्ण पेटली तर तासाला दोन किलोच्या आसपास गॅस ओढते. एका सिलिंडरातून इतक्या वेगानं गॅस निघत राहत नाही. सिलिंडर बाहेरून गारठतो, दाब उतरतो, आणि नेमकं थंडीत, सकाळी, सगळे रांगेत असताना पेटी रुसते.

दादा: दोन सिलिंडर जोडू. तिकडं एका न्हाणीघरात शॉवर चालू असताना दुसऱ्यात धार बारीक व्हायची, ते मी बघितलंय. आपल्याकडं तेही होणार नाही. आपण बादलीवाले.

दादांचं हे निरीक्षण बारीक आहे. कॉम्बी बॉयलर पाणी साठवत नाही, वाहत्या पाण्याला चटका देतो, म्हणून एका वेळी किती पाणी देणार हे त्याच्या ताकदीवर बांधलेलं असतं. इंग्लंडात हिवाळ्यात नळाचं पाणी पाच-सात अंशाला येतं, त्याला ३५ अंशांनी चढवायचं तर २४ किलोवॅटची पेटी मिनिटाला दहा लिटर देते. आपल्याकडं २५ अंश चढवले तरी पुष्कळ झाले. तीच पेटी मिनिटाला तेरा-चौदा लिटर देईल. दीड मिनिटात बादली भरली. अनेक मजल्यांच्या घरात तिकडं लोकांना या यंत्राची सगळ्यांत मोठी अडचण वाटते ती दोन न्हाणीघरं एकदम चालण्याची, आणि आपल्या बादलीच्या सवयीनं ती आपोआप सुटते. सूनबाईनं मात्र पुढचा मुद्दा काढला, आणि तिथं दादा थोडे गप्प झाले.

तिनं जुन्या घरातल्या गिझरची काढून ठेवलेली कॉइल आणली होती. आम्ही ती ओट्यावर ठेवली. तांब्याची नळी कुठं दिसतच नव्हती. वर करडा-पांढरा थर, करंगळीएवढा जाड, पिळाच्या मधल्या फटीही भरून गेलेल्या. तिनं नखानं टोकरलं तर पापुद्रा निघाला, आणि खाली आणखी एक थर, त्याहून घट्ट. कॉइलच्या वाकणापाशी नळी तडकली होती. थराखाली अडकलेली उष्णता पाण्यात जाऊ शकली नाही, तिनं नळीच फोडली.

सूनबाई: हे आपल्या बोअरचं पाणी. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणा लिटरमागं २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा म्हणतात, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. आपल्या बोअरचा नमुना मी तपासून घेणार आहे, पण आकडा काय येईल ते ही कॉइलच सांगते. त्या पेटीच्या आत पाणी तापतं ते पातळ पत्र्यांच्या चवडीत, पत्र्यांमधल्या फटी दोन-तीन मिलिमीटरच्या. हा थर तिथं बसला तर?

दादा: पाणी मऊ करायचं यंत्र असतं ना. त्यात मीठ टाकायचं.

सूनबाई: असतं. आणि ते ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं. ते खारं पाणी गटारात जातं. आपल्याकडं! २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते विसरलात का? शेजारच्या जिल्ह्यात वॅगनमधून पाणी येत होतं, आणि आपण मीठ धुवायला पाणी सोडायचं?

यात सूनबाईच्या सोलरलाही सुटका नाही, हे मला तिथंच सांगावं लागलं. सपाट पेटीच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात, कठीण पाण्यानं त्याही चोंदतात. काचेच्या निर्वात नळ्यांचा सोलर असेल तर नळी रुंद असते, पाणी थेट काचेला लागतं, क्षार साचायला जागा जास्त मिळते आणि नळी काढून धुताही येते. क्षार साठ अंशांच्या वर झपाट्यानं सुटतो, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सोलरचं पाणी त्याच्याही पुढं जातं. म्हणून वर्षातून एकदा टाकी आणि नळ्या धुणं आलंच. काचेची नळी फुटली तर एकटी बदलता येते, बॉयलरच्या पत्र्यांची चवड मात्र आख्खी बदलावी लागते, आणि ती लोहाऱ्याच्या दुकानात मिळणार नाही.

दादांनी कॉइल उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. मग जे बोलले ते गरम पाण्याबद्दल नव्हतंच.

दादा: सूनबाई, तुझा सगळा हिशेब बरोबर असेल. पण तुझं पाणी कुठं? छतावर. सोलरची टाकी छतावर. त्या टाकीत पाणी उताराने यावं म्हणून गार पाण्याची टाकी तिच्याही वर. म्हणजे हजार लिटरची टाकी चार विटांच्या खांबांवर चढवायची. मला छतावर पाणी नको. जमिनीत हौद, प्रेशर पंप, भिंतीला बॉयलर. वर काही नको. काहीच नको.

सूनबाई: मामा, सगळ्या गावाच्या छतावर टाक्या आहेत.

दादा: सगळ्या गावाच्या छतावर मातीही होती.

खोलीत कुणी बोलेना. दादा भूकंपाच्या वेळी तिशीत होते, आणि पहिल्याच दिवशी ढिगारे उपसायला सास्तूरला गेले होते. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत, आणि मीही इथं बोलणार नाही. पण ते ज्याबद्दल सांगत होते ते बांधकामाच्या दृष्टीनं मांडणं भाग आहे, कारण या भागातला डोक्यावरच्या ओझ्याचा सगळा प्रश्न त्यात आहे.

आपली जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या भिंती दोन-अडीच फूट आणि त्याहूनही रुंद, वर सागाच्या नाहीतर बाभळीच्या तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून दर वर्षी आणखी माती पडायची. बापानं टाकली, मुलानं टाकली, नातवानं टाकली, जुनी कुणी काढली नाही. थर फूट-दीड फूट, कुठं त्याहून जास्त. हे घर उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. त्याला नावं ठेवायचं कारण नव्हतं. पण हिशेब करा. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा-सात टन. भिंतीतले दगड मातीत नुसते रचलेले, आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारा लांब दगड कुठं नाही. जमीन हलली, भिंतीचे दोन पदर सुटे झाले, आणि सहा-सात टन खाली आले. जिथं माळवद लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथं भिंती ढासळूनही छत तरलं, माणसं वाचली. वजन तेवढंच होतं, पण ते खांबांवर बांधलेलं होतं.

भूकंपापर्यंत हा पट्टा देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. आयएस १८९३ या मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत तो तिसऱ्या क्षेत्रात आला. दादांच्या घराचे खांब, तुळया, पाया, त्यातल्या सळ्यांच्या कड्यांमधलं अंतर, हे सगळं त्याच हिशेबानं धरलं आहे. म्हणून मी दादांना म्हटलं, वजन किती हा प्रश्न अर्धाच आहे. ते किती उंचावर आहे, कशाला बांधलं आहे, हा उरलेला अर्धा.

तीनशे लिटरचा सोलर पाण्यासकट, सांगाड्यासकट चारशे किलोच्या आसपास जातो. माळवदाच्या एका खोलीपुढं हे काहीच नाही. पण दादा ज्या चार विटांच्या खांबांबद्दल बोलले, ते मात्र खरंच भयंकर आहेत. लोहाऱ्याच्या कुठल्याही गल्लीत मान वर करून बघा. चार-पाच फूट उंचीचे सुटे वीटकामाचे खांब, त्यांवर कडाप्पा नाहीतर सिमेंटची फरशी, आणि वर हजार लिटरची काळी टाकी. एक टन पाणी, कशालाही न बांधलेलं. इमारत शाबूत राहील आणि टाकी रस्त्यावर येईल. या एका बाबतीत मी पूर्णपणे दादांच्या बाजूचा आहे, आणि सूनबाईलाही मी तेच सांगितलं.

सूनबाई: मग वजनच कमी करू. मामा, दुकानदार आपल्याला पाचशे लिटरचा सोलर सांगतोय, दहा माणसं म्हणून. पण सोलरचं पाणी साठ अंशाला असतं, त्यानं कुणी आंघोळ करत नाही. निम्मं गार घातलं की चाळीस होतं. दहा बादल्यांना, म्हणजे दोनशे लिटरला, शंभर लिटर गरम पाणी पुरतं. थंडीत ऊन कमी, पाहुणे येतात, संध्याकाळी शेतावरून आलेलं माणूस हातपाय धुतं, ते सगळं धरून दोनशे लिटरचा सोलर भरपूर झाला. पाचशे कशाला?

दादा: आणि गार पाण्याची टाकी?

सूनबाई: तुमचा हौद मला मान्य आहे. मोठा साठा जमिनीतच ठेवू. वर पाचशे लिटरची छोटी टाकी, तीही जिन्यावरच्या स्लॅबवर. तो गच्चीपेक्षा सात-आठ फूट उंच आहेच, विटांचे खांब लागणारच नाहीत.

माझ्याकडं पाहून तिनं विचारलं, "काका, चालेल ना?" चालतं. जिन्याची खोली खालपासून वरपर्यंत स्वतःच्या खांबांवर येते, ते वजन नकाशातच धरता येतं, टाकीला चारी बाजूंनी लोखंडी पट्टा आणि स्लॅबमध्ये आधीच सोडलेले बोल्ट. सोलरचा सांगाडा गच्चीच्या मधोमध ठेवायचा नाही, तुळईच्या रेषेवर ठेवायचा. हे सगळं स्लॅब पडायच्या आधी ठरलं तर खर्च नगण्य. नंतर स्लॅबला भोकं पाडत बसलं तर गळतीला आमंत्रण.

दादा: पण वरच्या मजल्याला दाब येईल का? बॉयलरला तर दाब लागतोच, म्हणून मी पंप म्हणत होतो.

दादांनी इथं नेमकं दुखणं ओळखलं होतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याला एक बार दाब येतो. जिन्यावरच्या टाकीतून तळमजल्याला जवळजवळ तेवढा मिळतो, पण सगळ्यांत वरच्या न्हाणीघराच्या तोटीला तीन-चार मीटरच, म्हणजे ०.३-०.४ बार. वाहत्या पाण्यावर पेटणाऱ्या यंत्रांना ठरावीक दाब आणि धार मिळाली नाही तर ती पेटतच नाहीत, म्हणून कॉम्बी बॉयलर घेतला की पंप आला, आणि पंप आला की वीज आली. वीज गेली तर पाणीही नाही आणि गरमही नाही. बॉयलरचा स्वतःचा पंखा नि पंपही विजेवरच. सोलरला यातलं काही लागत नाही. बादली भरायला तेवढा दाब पुरतो. वरच्या मजल्यावर मोठा शॉवर हवा असेल तर नाही पुरणार, हे मुलांना आधीच सांगून टाकलेलं बरं.

राहिला पाइपचा प्रश्न. अनेक मजल्यांच्या घरात खरं नुकसान इथं होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपच्या एका मीटरमध्ये पाव लिटर पाणी मावतं. टाकीपासून तोटी पंधरा मीटरवर असेल तर जवळजवळ चार लिटर गार पाणी आधी बाहेर येतं, मग गरम. प्रत्येक जण ते मोरीत सोडतो. घरात दिवसातून दहा वेळा असं झालं तर चाळीस लिटर पाणी गरम पाण्याची वाट पाहण्यात गेलं. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरचा आवाज आला की बायका भांडी घेऊन धावतात, त्या गावात हे पाहवत नाही. आणि इथं कॉम्बी बॉयलर असो, सोलर असो, दोघंही सारखेच दोषी. दोष यंत्राचा नाही, न्हाणीघर आणि पाणी तापवण्याची जागा यांतल्या अंतराचा आहे.

वरच्या दोन मजल्यांची न्हाणीघरं मी एकावर एक घेतली होती, सोलरच्या बरोबर खाली. तिथं मीटर-दोन मीटरचा आडवा पाइप, वर फोमचं आवरण, काम झालं. अडचण होती ती तळमजल्यावरच्या पुढच्या न्हाणीघराची. दादा आणि वहिनींची खोली रस्त्याच्या बाजूला, तिथून सोलर सगळ्यांत लांब. पहाटे पाचला उठून सगळ्यांत आधी आंघोळ करणारी माणसंही तीच.

सूनबाई: तिथं सोलरचा पाइप नेऊच नका. पंधरा लिटरचा विजेचा गिझर लावू. अर्धा तास, एक युनिट, दोघांच्या बादल्या. वर्षातून एकदा कॉइल काढून साफ करायची, ती मी करीन.

दादा: म्हणजे सोलर तुमचा, आणि वीजबिल माझं.

वहिनी एवढा वेळ शेंगा निवडत ऐकत होत्या. त्यांनी मधेच सांगितलं की मागच्या अंगणात बंबाची जागा मोकळी राहू द्या. दिवाळीच्या पहाटेचं पाणी तुराट्यांवरच तापणार, मग वर सोलर बसवा नाहीतर विमान. तुरीचं रान घरचं, तुराट्यांचा ढीग दारात, यावर कुणाला काही बोलता आलं नाही. मी नकाशात बंबाची जागा आणि धुराची दिशा दोन्ही आखली.

सोलरचे दोष दादांनी सोडले नाहीत, आणि सोडूही नयेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट झाली, आपला धाराशिव जिल्हाही त्यात होता; ज्वारी, गहू, द्राक्षं झोडपली गेली. त्या गारांपुढं काचेच्या नळ्यांचं काय, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं की त्या नळ्या बोरोसिलिकेट काचेच्या असतात, साध्या गारा सोसतात, पण त्या वर्षीसारख्या गारा पडल्या तर काही नळ्या फुटणार. चार जादा नळ्या घरात आणून ठेवायच्या. मे महिन्यात पाणी इतकं तापतं की लहान लेकरानं नुसता गरम नळ सोडला तर हात भाजेल. तिथं गार-गरम मिसळणारी तोटीच बसवायची, दोन वेगळ्या तोट्या नकोत. आणि पावसाळा. आभाळ आठ-आठ दिवस भरून राहिलं की सोलरचं पाणी कोमट, मग पुढं काय?

दादा: तेव्हा बॉयलर लागणारच. मी तेच सांगायलोय पहिल्यापासून.

सूनबाई: तेव्हा सोलरच्या टाकीतली विजेची कॉइल लावू. पावसाळ्यातले मोजके दिवस. आणि पावसाळ्यात आपल्याला आंघोळीला चटका बसेल असं पाणी लागतं तरी का?

दादा: वीज त्याच दिवसांत जाते. वादळ आलं की पहिला जातो तो डीपी. त्यापेक्षा मागच्या डक्टमध्ये, न्हाणीघराच्या बाहेर, श्वासनळीचा गॅस गिझर लाव. बाहेरची हवा घेणारा, बाहेर सोडणारा. कॉम्बी नको तर नको.

इथं मात्र दोघांचं जमलं नाही, आणि माझंही मत अजून पक्कं नाही. पावसाळ्यात वीज जाते हे खरं, गॅसवर चालणारं यंत्र हाताशी असणं शहाणपणाचं. पण बोअरच्या पाण्यात त्या गिझरच्या नळ्या किती वर्षं टिकतील, हे पाण्याच्या तपासणीवर अवलंबून आहे. कठीणपणा तीनशेच्या खाली आला तर मी दादांच्या डक्टला हो म्हणीन. वर गेला तर सूनबाईच्या कॉइलला, कारण ती खराब झाली तर बदलायला गावातला कुठलाही वायरमन पुरतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यायचं ठरलं. सूनबाईनं स्वच्छ बाटली धुऊन ठेवली. दादांनी मला नकाशा परत उघडायला लावला आणि जिन्यावरच्या स्लॅबच्या चारी कोपऱ्यांवर पेनानं खुणा केल्या: बोल्ट इथं, इथं, इथं, इथं. स्लॅब पडायच्या दिवशी, काँक्रीट ओतायच्या आधी, ते चारही बोल्ट ते स्वतः हलवून बघणार आहेत. मिस्त्रीला त्यांनी तसं सांगूनही ठेवलंय.